पायथन शंकानिरसन, ऑनलाइन (बेळगाव सीमाभाग)

पायथन ही संगणकीय भाषा नव्याने शिकणाऱ्याने आपली अडचण इंटरनेटवर मांडावी आणि अनुभवी प्रोग्रामरने ती मोबदला न घेता सोडवून द्यावी, या व्यवहाराला येथे पायथन शंकानिरसन म्हटले आहे. ही प्रथा जगभर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा, खाली हल्याळ-कारवार आणि पूर्वेला भालकी-औराद, अशा कर्नाटकातील मराठीभाषक भागात तिला जे वळण मिळते त्यापुरती ही नोंद आहे.

हा भाग १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्या वादात ही नोंद शिरत नाही, मात्र त्याचा एक परिणाम शिकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यात दिसतो. मराठी शाळेत गणित मराठीतून झालेले असते, सरकारी कागद आणि बसची पाटी कन्नडमध्ये असते आणि अभियांत्रिकीला गेल्यावर वर्गातले सगळे इंग्रजीत सुरू होते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पायथनची ओळख करून देणारा विषय निवडता येतो. म्हणजे 'फंक्शन' आणि 'आर्ग्युमेंट' हे शब्द आणि इंग्रजीतले व्याख्यान, दोन्हींशी पहिली गाठ एकाच सत्रात पडते. वर्गात हात वर करायला संकोच वाटतो. रात्री मोबाइलवर विचारणे सोपे जाते.

सीमाभागात अशी विचारणा सहसा ओळखीतून सुरू होते. गल्लीतला, गावातला किंवा कॉलेजातला दोन-तीन वर्षे पुढचा मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला गेलेला असतो. त्याला व्हॉट्सॲपवर निरोप जातो, "दादा, प्रोग्राम चालंना झालाय, बघा की जरा." अनोळखी माणसाला विचारायचे तर संबोधन 'सर' होते, उत्तर देणारा विशीतला असला तरी. ओळखीचा दादा दमलेला असला की मग टेलिग्राम, डिस्कॉर्ड (गटागटाने गप्पा मारण्याचे ॲप) किंवा स्टॅक ओव्हरफ्लो (प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ) यांच्याकडे वळायचे, हा नेहमीचा क्रम.

अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला फुकट शिकवण्याची रीत पायथनमध्ये जुनी आहे. नेदरलँड्सचे गीडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात भाषेचे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. १९९४ मध्ये यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चाजाळ्यावर पायथनचा स्वतंत्र चर्चागट निघाला. पुढे फक्त नवशिक्यांसाठी 'ट्युटर' नावाची ईमेल-यादी आली. २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू झाल्यावर उत्तरांना मते मिळू लागली, जुनी उत्तरे शोधून सापडू लागली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला की तो 'आधीच विचारलेला' म्हणून बंद होऊ लागला. नवख्या माणसाला हे बंद होणे फार लागते. तिथे दुसऱ्याच्या प्रश्नाखाली टिप्पणी करायलाही ५० गुण जमावे लागतात. नियमांमागे कारण आहे, कारण उत्तरे पुढच्या हजारोंनी वाचावीत म्हणूनच तिथे साठवली जातात, पण पहिल्याच दिवशी दार लावून घेतल्यासारखे वाटते हेही खरे.

चांगला प्रश्न कसा असतो ते एका उदाहरणावरून पाहावे. ऊसपट्ट्यातला मुलगा वडिलांच्या बिलाचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहितो. टन किती ते 'इनपुट' या आज्ञेने विचारायचे, टनाला ३,००० रुपये दर धरून गुणायचे आणि उत्तर छापायचे. तो १२ टाकतो. उत्तर ३६,००० यायला हवे. प्रत्यक्षात पडदाभर १२१२१२१२ अशी आकड्यांची रांग धावत सुटते. तो लिहितो, "सर, प्रोग्राम हँग झाला."

एवढ्यावर उत्तर देणारा चुकीच्या वाटेला लागतो. हँग म्हटल्यावर तो न थांबणारा लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) शोधू लागणार, आणि या प्रोग्राममध्ये लूप नावालाही नाही. पायथन ३ मध्ये 'इनपुट' जे देते ते नेहमी मजकूर असते, आकडा टाकला तरी. मजकुराला ३,००० ने गुणले की पायथन तो मजकूर ३,००० वेळा जोडून लिहितो, म्हणून पडद्यावर ६,००० अंक आले. पायथनच्या दृष्टीने यात काहीच गैर नसल्यामुळे एररही येत नाही. दरसुद्धा 'इनपुट'नेच घेतला असता तर मजकूर गुणिले मजकूर झाले असते आणि लगेच टाइपएरर, म्हणजे प्रकार न जुळल्याची एरर, आली असती. मुलाने प्रोग्रामच्या तीन ओळी, टाकलेला आकडा, आलेले उत्तर आणि अपेक्षित उत्तर एवढे दिले असते, तर कोणीही अर्ध्या मिनिटात मजकुराचा पूर्णांक करणारे 'इंट' वापरायला सांगितले असते. जाणता माणूस पुढचेही सांगतो. ऊस साडेबारा टन भरला तर 'इंट' १२.५ हा मजकूर घेत नाही आणि व्हॅल्यूएरर देते, म्हणून इथे दशांश घेणारे 'फ्लोट' हवे.

कोड, दिलेली माहिती, आलेला निकाल आणि हवा असलेला निकाल या चार गोष्टी जशाच्या तशा दिल्या की प्रश्नाची भाषा मोडकी असली तरी चालते. सीमाभागातल्या मुलांना वाटते की आपले इंग्रजी कच्चे म्हणून उत्तर मिळत नाही. बहुतेक वेळा कोड दिलेला नसतो म्हणून मिळत नाही.

कोड द्यायचा तोही मजकूर म्हणून. मॉनिटरचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो ही इथली सर्वांत रुळलेली सवय आहे आणि उत्तर देणाऱ्याला तिचाच सर्वांत जास्त वैताग येतो, कारण फोटोतला कोड चालवून पाहता येत नाही. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा व्याकरणाचा भाग असते. कोणती ओळ 'इफ' या अटीच्या आत आणि कोणती बाहेर हे त्या जागेवरच ठरते. साधा निरोप म्हणून कोड चिकटवताना ती जागा हलली तर प्रोग्रामचा अर्थच बदलतो. कोडच्या आधी आणि नंतर तीन बॅकटिक (` हे चिन्ह) दिले की डिस्कॉर्ड, स्टॅक ओव्हरफ्लो आणि व्हॉट्सॲप तिन्हीकडे तो कोडसारखा, समान रुंदीच्या अक्षरांत दिसतो. एररचेही तसेच. ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून आली त्याचा माग, लांबलचक दिसतो म्हणून मुले वरच्या दोन ओळी पाठवतात. नेमके कारण मात्र सर्वांत खालच्या ओळीत लिहिलेले असते आणि ते स्क्रीनशॉटमध्ये कापले जाते.

पायथनने स्वतःही यातला काही भार उचलला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून एरर जास्त स्पष्ट बोलतात. कंस उघडा राहिला असेल तर कुठला ते सांगतात, आणि नाव चुकीचे लिहिले तर 'तुम्हाला अमुक म्हणायचे होते का' असेही विचारतात. ३.११ मध्ये ओळीतला नेमका चुकलेला भाग खुणेने दाखवला जाऊ लागला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुनी आवृत्ती असेल तर हा लाभ मिळत नाही. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी कंसाशिवाय 'प्रिंट' लिहिलेल्या झेरॉक्स नोट्स अजून हातोहात फिरतात आणि त्यातून नवे प्रश्न उगवतात.

दुसरी अडचण भलताच प्रश्न विचारण्याची. "गुण१, गुण२, गुण३ अशी व्हेरिएबलची नावे लूपमध्ये कशी तयार करायची?" असे विचारणाऱ्याला खरे तर वर्गातल्या सगळ्यांचे गुण साठवायचे असतात आणि त्याला हवी असते अनेक मूल्ये एकत्र ठेवणारी एक लिस्ट. मुरलेला माणूस उत्तराआधी "हे कशासाठी पाहिजे?" असे विचारतो. नवशिक्याला हा अपमान वाटू शकतो. तसा तो नसतो.

संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम एकच, म्हणून प्रयोगशाळेतले प्रोग्रामही तेच. परीक्षा जवळ आली की एकच प्रश्न चार कॉलेजांतून येतो आणि त्यात "रेकॉर्ड उद्या सबमिट करायचंय" हे हमखास असते. तयार प्रोग्राम हातात न देता पुढची एक पायरी दाखवावी, असा जाणत्यांमधला संकेत आहे. ओळखीच्या दादाला तो पाळणे जड जाते. तो अख्खा प्रोग्राम लिहून पाठवतो आणि मुलगा तोंडी परीक्षेत अडकतो.

कोड आणि एरर सगळीकडे सारखी असते, म्हणून जर्मनीतला माणूसही खानापूरच्या मुलाला मदत करू शकतो. लिपीचा प्रश्न आला की मात्र हे गणित बदलते. उलटसुलट वाचून सारखाच शब्द ओळखणे हा प्रयोगशाळेतला ठरलेला प्रोग्राम. 'कडक' आणि 'सरस' त्यात पास होतात, 'नवीन' नापास होतो. आपण न-वी-न असे तीन अक्षरांत वाचतो. पायथन न, व, वेलांटी आणि न अशी चार चिन्हे मोजतो. उलटे केल्यावर वेलांटी 'न'ला चिकटते आणि 'नीवन' होते. परदेशातल्या मदतनीसाला प्रोग्राम अचूक दिसतो आणि विचारणारा काय म्हणतो तेच कळत नाही. मराठी वाचणाऱ्याला ते पाहताक्षणी कळते. 'रेजेक्स' हे बाहेरचे मॉड्यूल (वेगळे बसवावे लागणारे तयार कोडचे पुडके) वापरून शब्द अक्षरांत तोडता येतो, पण तिथवर पोचायला आधी घोटाळा ओळखावा लागतो.

मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांतली नावे एका यादीत असणे ही इथली साधी गोष्ट, आणि अशी यादी फाइलमध्ये लिहिताना विंडोजवर 'चारमॅप' शब्द असलेली एरर येते. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगितले की ती जाते. मग तीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल एक्सेलमध्ये उघडली की नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. त्यावर 'यूटीएफ-८-सिग', म्हणजे फाइलच्या सुरुवातीला ओळखखूण टाकणारे यूटीएफ-८, हा उपाय आहे. गंमत म्हणजे 'इंट'ला ४५ हा आकडा देवनागरीत दिला तरी कळतो, कन्नड अंकांत दिला तरीही. व्हेरिएबलचे नावही देवनागरीत ठेवता येते. कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र सिंटॅक्सएरर, म्हणजे व्याकरणाची चूक.

मराठीतून विचारायला जागा कमीच. स्टॅक ओव्हरफ्लोच्या इंग्रजीखेरीज स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी आवृत्त्या आहेत, मराठी नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अनेक विषयांचे धडे मराठीत आणले, त्याने ऐकून शिकण्याची सोय झाली. विचारण्याची भाषा मात्र रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी-इंग्रजी मिश्रणच राहिली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून पहिला प्रश्न माणसाऐवजी यंत्राला जातो. ते मराठी समजते, रात्री दोनला जागे असते आणि कोड न देता विचारले तरी रागावत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने त्याच वर्षी डिसेंबरात यंत्राने लिहिलेली उत्तरे टाकायला बंदी घातली आणि पुढच्या काळात तिथे येणारे प्रश्नच घटले. उसाच्या बिलासारखी अडचण यंत्र चुटकीसरशी सोडवते. 'गुण१, गुण२'सारख्या प्रश्नाला ते बऱ्याचदा विचारले तेवढेच उत्तर देऊन मोकळे होते, कशासाठी पाहिजे ते विचारत बसत नाही. दादाकडे हल्ली येणारे कोड त्यामुळे बदलले आहेत. पूर्वी चार ओळींचा, मुलाने स्वतः लिहिलेला आणि न चालणारा प्रोग्राम यायचा. आता साठ ओळींचा, नीटनेटका, चालणाराही येतो आणि सोबत निरोप असतो, "दादा, सरांनी विचारलं तर यातलं काय सांगू?"