नवजाताच्या चयापचय संप्रेरकांचा यंत्रशिक्षणाने अंदाज

गरोदरपणात आईच्या झालेल्या नोंदींवरून (वजन, उंची, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब) जन्मणाऱ्या बाळाच्या नाळेतील रक्तात इन्सुलिन, लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन (शेवटची दोन चरबीच्या पेशींतून येणारी) ही संप्रेरके किती असतील, याचा जुन्या नोंदींवरून शिकलेल्या संगणकाने बांधलेला अंदाज.

आईची साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, तिचे इन्सुलिन पोहोचत नाही. जादा साखर आली की बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करते आणि बाळाच्या अंगावर चरबी साठते. डॅनिश वैद्य यॉर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात हे मांडले. पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हापो (HAPO) या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ९ देशांतील २३ हजारांहून अधिक गरोदर स्त्रिया होत्या. आईची साखर मधुमेहाच्या रेषेखाली असली, तरी ती वाढेल तसे नाळेतले सी-पेप्टाइडही वाढते, असे त्यात दिसले. सी-पेप्टाइड इन्सुलिनबरोबरच तयार होते. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन घटते, सी-पेप्टाइड मात्र टिकते; म्हणून मोजायला तेच भरवशाचे.

असे गुंतागुंतीचे संबंध पकडायला रँडम फॉरेस्टसारख्या (अनेक निर्णयवृक्षांची उत्तरे एकत्र करणाऱ्या) पद्धती वापरतात. नमुने थोडे असले की यंत्र घोकंपट्टी करते: शिकवलेल्या आयांची उत्तरे अचूक देते, नव्या आईपाशी चुकते.

नाशिक जिल्ह्यात हा धोका फार खरा आहे, कारण इथल्या आया एकसारख्या नाहीत. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर रक्तक्षय आणि कमी वजन ही मोठी चिंता. शहरात वाढलेले वजन आणि गरोदरपणातला मधुमेह. पण लहान बाळ म्हणजे कमी इन्सुलिन, असे समजणे चूक आहे. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की तिथली बाळे लंडनच्या बाळांहून वजनाने कमी असूनही त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होते. परदेशी आयांच्या नोंदींवर शिकलेले प्रतिमान (अंदाज बांधणारे मॉडेल) जसेच्या तसे इथे लावणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

दुसरी अडचण माता-बाल संरक्षण कार्डावर दिसते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन भरलेले, आणि साखरेचा रकाना कोरा. भारतात रूढ असलेल्या चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त तपासतात. साखर दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. उपाशी येण्याची अट नाही, ही पाड्यावरून जीपने येणाऱ्या बाईसाठी मोठीच सोय. तरी २ तास थांबले तर परतीची गाडी चुकते. कोऱ्या रकान्यात यंत्राने सरासरी आकडा भरला, की न तपासलेली आई निरोगी ठरते. रकाना कोरा आहे, हीदेखील एक नोंद म्हणून यंत्राला द्यावी लागते.

प्रतिमान तपासताना सुरगाण्याची चूक आणि शहराची चूक वेगवेगळी मोजावी लागते. जिल्ह्याच्या एकाच सरासरीत सुरगाण्याच्या आया दिसेनाशा होतात.