‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ असं बायबलमध्ये नाही

मयताच्या घरी कुणीतरी हमखास म्हणतं, “देव झेपेल तेवढंच दुःख देतो, बायबलमध्येच लिहिलंय.” माझ्या आईच्या वेळी मलाही हे ऐकवलं गेलं. मला झेपत नव्हतं, म्हणून माझाच विश्वास कमी, असं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

असं वचन बायबलमध्ये नाही. ज्याचा आधार घेतात ते १ करिंथ १०:१३ (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना प्रेषित पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन) मोहाबद्दल आहे. मोहातून निभावायला देव वाट काढून देतो, असं पौल तिथे सांगतो आणि लगेच मूर्तिपूजेपासून दूर राहायला बजावतो. शोकाचा तिथे विषयच नाही.

उलट २ करिंथ १:८ मध्ये तोच पौल कबूल करतो की आशिया प्रांतातलं संकट त्याच्या शक्तीबाहेरचं होतं, जगण्याचीही आशा उरली नव्हती. पुढच्याच ओळीत तो म्हणतो, यातून आम्ही स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवायला शिकलो. म्हणजे आशा सुरू होते ती आपलं बळ संपतं तिथे.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं बघा (१ राजे १९). रानात झुडपाखाली बसून तो मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. “ऊठ, खा.” तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत परत येऊन उठवतो. वाट लांबची आहे, तुला झेपणार नाही, हे देवदूतच त्याला सांगतो.

शोकाच्या घरी जाताना ते वाक्य नको, डबा घेऊन जा.