रात्री भिजवा, सकाळी भाजा : अमेरिकी नाताळच्या न्याहारीची पार्श्वभूमी

अमेरिकेत नाताळचं मोठं जेवण दुपारनंतर होतं. सकाळ मुलांची असते. झाडाखालच्या भेटी, फाडलेल्या कागदांचा ढीग, झोपेच्या कपड्यांतच कॉफी पिणारी मोठी माणसं. अशा वेळी गॅसपाशी उभं राहून एकेकाला ऑम्लेट घालून द्यायला कुणीच तयार नसतं. म्हणून हजारो घरांत त्या दिवशी ओव्हनमध्ये ब्रेकफास्ट कॅसरोल असतं. ९ बाय १३ इंचांच्या भांड्यात ब्रेडचे तुकडे, परतलेलं सॉसेज आणि किसलेलं चेडर चीज पसरायचं, वरून दुधात घुसळलेली आठ-दहा अंडी ओतायची, चवीला मोहरीची पूड घालायची आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसवर, पाऊण ते एक तास भाजलं की झालं. थर लावून केलेल्या प्रकाराला ‘स्ट्राटा’ म्हणतात. नाव इटालियन वाटलं तरी पदार्थ अस्सल अमेरिकी आहे.

चवीत क्रांती वगैरे काही नाही. शिळ्या ब्रेडचा उद्धार युरोप कधीपासून करत आलाय. अपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहात ब्रेड दुधात भिजवून, तळून, वर मध घालायची कृती आहे. पुढे फ्रेंचांचं ‘पॅं पेर्द्यू’ आलं, इंग्रजांचं ब्रेड-बटर पुडिंग आलं. आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यामागेही हीच काटकसर. शिळेपण इथे दोष नसून गरज आहे. ताजा ब्रेड दूध-अंड्यात पडला की त्याचा लगदा होतो. वाळलेला ब्रेड ते सावकाश पितो आणि तरीही आकार सोडत नाही. ओव्हनमध्ये अंड्यातली प्रथिनं आवळली की सगळं एकसंध होऊन वडीसारखं कापता येतं. ७ जुलै १९२८ रोजी मिझुरी राज्यातल्या चिलिकोथी गावात ऑटो रोवेडर यांच्या यंत्रावर कापलेला पाव विक्रीला आला. त्यानंतर ब्रेड वजनावर मोजायचं कारणच उरलं नाही. ‘सहा स्लाइस घ्या’ एवढं सांगितलं की काम भागू लागलं.

उशिराच्या न्याहारीची कल्पना मात्र इंग्लंडची. १८९५ मध्ये गाय बेरिंजर या लेखकाने ‘हंटर्स वीकली’त ब्रंचची वकिली केली. चर्चहून आल्यावर जड मांसाहार कशाला, उशिरा उठा, हलकं खा, गप्पा मारा, असा त्याचा सूर. शनिवारी रात्री जागून प्यायलेल्यांना रविवारी उशिरापर्यंत झोपता येईल, हाही फायदा त्याने सांगून टाकला. प्रामाणिक माणूस! अमेरिकेने ही कल्पना उचलली आणि सणासुदीला जोडून टाकली.

पण कच्चं अंडं आणि दूध रात्रभर भिजत ठेवायचं, तर थंडी हुकमी हवी. एकोणिसाव्या शतकात तिथली घरं तळ्यातून कापलेल्या बर्फावर चालत. (बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हाच बर्फ १८३० च्या दशकात जहाजाने कलकत्त्याला आणि मुंबईलाही धाडला होता.) बर्फाच्या पेटीत तापमान बर्फ वितळेल तसं बदलायचं. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा ‘मॉनिटर टॉप’ आला आणि पुढच्या दोन दशकांत विजेचा फ्रीज बहुतेक अमेरिकी घरांत पोचला. माझ्या मते या पदार्थाचा खरा जनक कुणी आचारी नसून हा फ्रीज आहे. त्याने स्वयंपाकाचे दोन तुकडे केले : राबणं रात्री, खाणं सकाळी.

भांड्याची गोष्ट त्याहून मजेदार आहे. कॉर्निंग या काच कंपनीने रेल्वेच्या दिव्यांसाठी आणि बॅटरीच्या बरण्यांसाठी उष्णता सोसणारी काच बनवली होती. १९१३ मध्ये तिथले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी बरणीचा कापलेला तळ घरी आणला आणि पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजून पाहिला. केक सगळीकडून सारखा भाजला, भांड्याला चिकटला नाही, आणि कितपत झालाय ते बाहेरून दिसतही होतं. १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ बाजारात आलं. ज्या भांड्यात पदार्थ भाजला तेच टेबलावर मांडायची सवय या काचेमुळे पक्की झाली.

कृती घरोघर नेली ती बायकांनी. १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, फिलाडेल्फियाच्या सॅनिटरी फेअरमध्ये सैनिकांच्या मदतीसाठी पाककृतींचं पुस्तक विकलं गेलं. तिथून चर्चच्या महिला मंडळांनी आणि पुढे ज्युनिअर लीगसारख्या स्त्रियांच्या सेवाभावी संस्थांनी हाच मार्ग धरला. तारेत गुंफलेल्या त्या वह्यांमध्ये रात्रभर भिजणाऱ्या कॅसरोलला हक्काची जागा मिळाली, कारण पाहुणे आले तरी ते फसत नाही. अमेरिकेतल्या मराठी स्वयंपाकघरांत सॉसेजच्या जागी पालक, ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि दोन हिरव्या मिरच्या सहज खपून जातात. अंडं वगळलं तर मात्र हा पदार्थच राहत नाही.

आता एक खाचखळगा. सुरुवातीचं पायरेक्स बोरोसिलिकेट काचेचं होतं. तापमान एकदम बदललं तरी ती सहसा दाद देत नसे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अलीकडच्या भांड्यांची काच सोडा-लाइमची आहे. ती आपटण्याला टिकते, पण गारठलेलं भांडं थेट तापल्या ओव्हनमध्ये सरकवलं तर तडकू शकते. म्हणून अनेक कृतींत भाजण्याआधी भांडं अर्धा तास बाहेर ठेवायला सांगतात, आणि आयत्या न्याहारीसाठीही घरातल्या कुणाला तरी अर्धा तास लवकर उठावं लागतं.