अबलेशनोत्तर पूरक उपचारांची चाचणी

अबलेशननंतर, म्हणजे बिघाड करणारी हृदयातली ऊती डागून निकामी केल्यानंतर, हृदयाचे अनियमित ठोके परत सुरू होऊ नयेत म्हणून जोडीला दिलेल्या उपचाराचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासणारी वैद्यकीय चाचणी. अशा बहुतेक चाचण्या एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे (अलिंदे) अनियमित थरथरण्याच्या विकाराच्या, रुग्णांवर होतात.

फुप्फुसांतून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी या विकाराची ठिणगी बहुधा पडते, हे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवले. तेव्हापासून मांडीच्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन त्या तोंडांभोवतीची ऊती निकामी करणे हा अबलेशनचा गाभा ठरला. तरीही काहींना त्रास पुन्हा होतो. विकार जुना आणि सततचा असेल तर अधिकच.

मग आणखी काही जोडावे का? जास्त डागले की जास्त गुण, हा समज २०१५ च्या ‘स्टार एएफ २’ चाचणीने मोडीत काढला. तीत ५८९ रुग्ण होते. फक्त शिरांच्या तोंडांभोवती डागून त्या विलग केलेल्या गटात दीड वर्षानंतर ५९ टक्के रुग्ण विकारमुक्त राहिले. अलिंदात जादा डाग दिलेल्या दोन गटांत हे प्रमाण ४९ आणि ४६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम नव्हता, पण जादा कामाचा फायदा दिसला नाही एवढे नक्की. याउलट २०२० च्या ‘व्हीनस’ चाचणीत डाव्या अलिंदावरच्या मार्शल नावाच्या छोट्या शिरेत जोडीला अल्कोहोल सोडल्यावर ३८ ऐवजी सुमारे ४९ टक्के रुग्णांना लाभ झाला. त्याच वर्षी, उच्च रक्तदाबही असलेल्या रुग्णांत मूत्रपिंडाकडील चेतातंतू निकामी केल्यावर हे प्रमाण ५६.५ वरून ७२.१ टक्क्यांवर गेले.

या आकड्यांवर भाळण्याआधी मोजणी कशी झाली ते पाहावे. अर्ध्या मिनिटाचा झटकाही ‘पुनरावृत्ती’ धरला जातो, आणि अनेक झटके रुग्णाला जाणवतही नाहीत. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांतले झटके, जखम भरत असल्याने, सहसा हिशेबात धरत नाहीत. त्यापुढे जितके कमी शोधाल तितका उपचार गुणकारी दिसेल.

नाशिकसारख्या जिल्ह्यात खरी अडचण इथेच येते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला असले, तरी पेठ-सुरगाण्याच्या रुग्णाला प्रत्येक तपासणीसाठी एसटीने शहर गाठावे लागते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडचा बागायतदार छातीवर होल्टरच्या (ठोक्यांची सतत नोंद करणाऱ्या यंत्राच्या) पट्ट्या लावून, अंघोळ न करता चोवीस तास काढायला सहजासहजी तयार होत नाही. बागेत काम केले की घामाने पट्ट्या सुटतात आणि नोंद तुटते. गैरहजर राहिलेल्यांना ‘बरे’ धरले तर निकालच फसवा ठरतो. म्हणून स्थानिक आराखड्यात फेऱ्यांच्या तारखा हंगाम पाहून ठरवाव्यात आणि प्रवासखर्च आधीच धरावा.

भारतात अशा चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाची त्याला समजणाऱ्या भाषेतली लेखी संमती लागते. पूरक उपचार कुठल्याही गटाला मिळो, अबलेशननंतरचे पहिले काही आठवडे रक्त पातळ करणारी गोळी दोन्ही गटांना द्यावी लागते. पुढे ती चालू ठेवायची का, हे ठोके सुधारले की नाही यावर नव्हे, तर पक्षाघाताच्या धोक्यावर ठरते.