पूलची गुणमोजणी: ६१ पासून ७१४ पर्यंत

पूल म्हणजे क्यू या लांब काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालायचा खेळ. पांढरा सोडला तर त्याच्या संचात १५ बॉल असतात आणि प्रत्येकावर आकडा छापलेला असतो. आज एट-बॉल किंवा नाइन-बॉल हे पूलचे प्रकार खेळणाऱ्यावर त्या आकड्यांची बेरीज करण्याची वेळ येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत मात्र सगळा डाव त्या बेरजेवरच चालायचा. त्या प्रकाराचं नाव फिफ्टीन-बॉल पूल. जो बॉल पॉकेटमध्ये गेला, त्याच्यावरचा आकडा म्हणजे तुमचे गुण. १ ते १५ ची बेरीज १२०, तिच्या निम्मे ६०, म्हणून आधी ६१ करणारा जिंकायचा. १८७८ मध्ये सुरू झालेली तिथली अजिंक्यपदाची लढतही अशीच खेळली गेली.

हिशेब सोपा होता, पण न्याय्य नव्हता. ११ ते १५ हे पाचच बॉल घातले तरी ६५ होतात आणि डाव खिशात. उलट १ ते १० असे तब्बल दहा बॉल घातले तर बेरीज ५५, म्हणजे हार. दुप्पट बॉल घालणाऱ्याने हरावं, हे मला कुठल्याच अंगाने पटत नाही. तेव्हाच्या खेळाडूंनाही ते पटलं नाही. १८८८ मध्ये आकडे बाजूला पडले आणि एक बॉल, एक गुण असं ठरलं. रॅक, म्हणजे त्रिकोणात मांडलेले बॉल, संपला की नवा लावायचा, गुण पुढे चालू ठेवायचे आणि ठरलेला आकडा गाठेपर्यंत खेळायचं. म्हणून नाव पडलं कंटिन्युअस पूल.

उलटा प्रवासही झाला होता. ब्रिटिशांच्या पिरॅमिड्स या खेळात १५ लाल बॉलना प्रत्येकी एकच गुण होता. तोच खेळ १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये चालायचा. लेफ्टनंट नेव्हिल चेंबरलेन आणि त्याच्या सोबत्यांनी त्यात रंगीत बॉल घातले आणि त्यांना चढते गुण दिले. ते स्नूकर. वेगवेगळी किंमत तिथे टिकली, कारण आधी लाल घातल्याशिवाय रंगीत बॉलवर हक्क मिळत नाही. फिफ्टीन-बॉलमध्ये असा लगाम नव्हता.

कंटिन्युअस पूलमध्ये अडचण वेगळीच निघाली. पंधरावा बॉल गेला की समोर घट्ट बांधलेला नवा रॅक. तो फोडायचा म्हणजे समोरच्याला आयतं टेबल उघडून द्यायचं. मग कोण फोडणार? दोघेही सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका मिळू नये असे बचावाचे फटके, खेळत बसायचे आणि रंगात आलेला खेळाडू दर रॅकला अडायचा. यावर तोडगा सुचवला जेरोम किओ या विजेत्या खेळाडूने, १९१० मध्ये. शेवटचा एक बॉल टेबलावर राहू द्यायचा, बाकीचे १४ रॅकमध्ये लावायचे, त्रिकोणाच्या टोकाची जागा रिकामी सोडायची. आता खेळाडू तो एकटा बॉल घालता घालताच पांढऱ्या बॉलने रॅक फोडू शकतो आणि त्याची पाळी तुटत नाही. १९१२ पासून अजिंक्यपद या नियमाने होऊ लागलं. खेळाचं नाव १४.१, बोलताना स्ट्रेट पूल. पूलच्या साऱ्या इतिहासात इतकी नेमकी दुरुस्ती मला दुसरी दिसत नाही.

गुण लिहिणाऱ्याचं कामही त्यामुळे सुटसुटीत झालं. प्रत्येक बॉल मोजत बसायची गरज नाही. पाळी सुरू होताना टेबलावर ११ बॉल होते, मध्ये एकदा रॅक लागला, पाळी संपली तेव्हा ९ उरले: ११ मधून ९ गेले २, अधिक १४, एकूण १६. रॅक दोनदा लागला असेल तर २८ मिळवायचे. फाउलला एक गुण वजा आणि सलग तीन फाउल झाले तर आणखी १५. साध्या पूलरूममध्ये कागदही लागत नसे. टेबलाच्या वर, उंचावर, तार ताणलेली असे, तिच्यात लाकडी मणी ओवलेले असत आणि खेळाडू क्यूच्या टोकाने आपले मणी पुढे सरकवत. आपल्याकडच्या जिमखान्यांत बिलियर्ड्स-स्नूकरसाठी हे काम मार्कर करतो.

पाळी अखंड चालू लागली आणि रन, म्हणजे एका पाळीत सलग घातलेले बॉल, हा स्वतंत्र विक्रम झाला. १९ मार्च १९५४ रोजी ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये विली मॉस्कोनी यांनी एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ बॉल घातले. प्रेक्षकांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, तोच त्याचा पुरावा.

पुढे नाइन-बॉल पुढे आला. त्यात ९ नंबरचा बॉल नियमाप्रमाणे घालणारा रॅक, म्हणजे तो डाव, जिंकतो, मग आधी कोणी किती घातले याला अर्थ राहत नाही. मोजायचे ते रॅक, पाच, नऊ किंवा अकरापर्यंत. टीव्हीवरच्या प्रेक्षकाला हा हिशेब चटकन कळतो आणि मोठ्या स्पर्धांत स्ट्रेट पूल मागे पडला. मला याचं वाईट वाटतं, कारण नाइन-बॉलच्या गुणफलकावरून खेळाडूची पाळी किती लांबली हे कळतच नाही.

मॉस्कोनींचा आकडा ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी कॅमेऱ्यासमोर ६२६ केले आणि २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉ यांनी ७१४.