फॉरवर्ड पुढे नेतो कोण?

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तेव्हा देशभर अशा अफवांसोबत एक क्लिप फिरत होती. मूळ चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची. मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. हा शेवटच कुणीतरी कापला होता. कापणे हे एखाद्याचे काम. क्लिप गावोगाव पोचवली ती पुढे ढकलणाऱ्यांनी.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. जानेवारी 2019मध्ये ती जगभर लागू झाली. तेव्हा एका ग्रुपमध्ये 256 जण मावत. पाच ग्रुप म्हणजे एका खेपेला 1,280 माणसे, म्हणजे मर्यादा तशी सैलच.

खरा प्रश्न आकड्याचा नाही, कोण पाठवतो याचा आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973मध्ये बॉस्टनजवळच्या नोकरदारांचा अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्क्यांची ती ओळख नेहमीच्या भेटीगाठीतली होती. बाकीच्यांना खबर लागली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. फॉरवर्डचेही तसेच. भावकीच्या ग्रुपवर एकच मेसेज चौघांनी टाकला, तरी वाचणारे तेच पन्नास. भावकी, सोसायटी आणि दहावीची बॅच अशा तिन्ही ग्रुपांत असलेला एकच जण मात्र तो तीन वेगळ्या गोतावळ्यांत नेतो. सकाळ-संध्याकाळ पोस्टी टाकणाऱ्यापेक्षा हा माणूस महत्त्वाचा, आणि तो सहसा कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

इंटरनेटवर 90 टक्के लोक नुसते वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात आणि 1 टक्का सतत, असा ठोकताळा जेकब नील्सन यांनी 2006मध्ये मांडला होता. व्हॉट्सॲपवर तो फसवा ठरतो. ग्रुपवर चकार शब्द न काढणारे काका तोच मेसेज बहिणीला वेगळा पाठवतात. ग्रुपमध्ये त्याचा मागमूस राहत नाही.

एप्रिल 2020मध्ये माणसांऐवजी साखळी मोजण्यावर भर आला: पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येऊ लागला. पण ही मोजणी फॉरवर्डची असते, मजकुराची नाही. मजकूर कॉपी-पेस्ट केला किंवा फोटो गॅलरीतून नव्याने टाकला की गणती शून्यावर येते, बाण गायब होतो. मराठी लेखांची परवडही याच वाटेने होते. कॉपी करताना खालचे नाव सुटते, पुढचा ‘लेखक अज्ञात’ लिहितो, आणि त्याच्या पुढचा कुणी बिनदिक्कत पु. लं.चे नाव चिकटवतो.