आघातसजग बालसंरक्षण (आपत्तीकाळातील)

आघातसजग बालसंरक्षण : भूकंप, पूर, दरड, साथ अशा आपत्तीत सापडलेल्या मुलांच्या मनाला धक्का बसला आहे हे धरून चालून त्यांच्याशी वागण्याची कार्यपद्धती. हा मानसोपचार नव्हे. बालसंरक्षण अधिकारी, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस यांनी पहिल्या काही दिवसांत कसे वागावे, एवढाच तिचा विषय.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील बालगृहे चालवताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांना दिसले, की लहान मुले बॉम्बवर्षावापेक्षा आईच्या ताटातुटीने जास्त खचतात. म्हणून मुलाचे जवळचे माणूस शोधणे हे पहिले काम; भावंडांना वेगळे करायचे नाही. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार निराधार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांची सोय कुठे करायची हे ठरवणारी जिल्ह्यातील समिती) न्यावे लागते, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला जातो. मदतीला धावलेल्यांना मात्र मूल उचलून न्यायची घाई असते. कोरोनाकाळात ‘अनाथ बाळ दत्तक घ्या’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बेकायदा दत्तकाविरुद्ध आदेश द्यावे लागले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. त्या काळी हे मोठेच काम होते. आज तसाच प्रसंग आला, तर आजी किंवा काका गावातच मूल सांभाळायला तयार आहेत का, आणि त्यांना कोणता आधार द्यावा लागेल, हे आधी विचारले जाईल.

‘काय घडले ते सगळे सांग, मन मोकळे कर’ हा आग्रह चुकीचा ठरला आहे. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना नाकारते. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेचा भर पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे यावर आहे. तरीही छावणीत पोलीस, तलाठी, स्वयंसेवक, वार्ताहर एकाच मुलाला तोच प्रश्न विचारत राहतात. जबाब एकदाच, ओळखीच्या माणसासमोर घेऊन नोंद सर्वांनी वापरली, तर निम्मा त्रास तिथेच टळतो.

मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते, घर कोसळल्याचा खेळ परत परत खेळते. यावर रागवायचे नाही. जास्त लक्ष द्यावे ते न रडणाऱ्याकडे. ‘किती शहाणं आहे’ म्हणून तेच नजरेआड होते. जेवणाची ठरलेली वेळ, खेळाची जागा, लवकर सुरू झालेली शाळा यांनी मूल सावरते. मृत्यूची बातमी जवळच्या माणसाने स्पष्ट शब्दांत द्यावी. ‘आई गावाला गेली’ म्हणू नये, कारण मग मूल वाट पाहत बसते. खोटी आश्वासनेही नकोत.

गावातली सेविका अनेकदा स्वतःच आपद्‌ग्रस्त असते. तिला पाळीपाळीने सुटी आणि बोलायला वरिष्ठ मिळावा, हा या पद्धतीचाच भाग आहे. आपल्याकडच्या आपत्ती आराखड्यांत त्याकडे फारसे लक्ष जात नाही.